५ ग्रॅम साखर, १० कोटी माणसं

प्रौढ माणसाच्या अंगात रक्त असतं सुमारे ५ लिटर. उपाशीपोटी तपासलं तर दर १०० मिलिलिटर रक्तात साखर १०० मिलिग्रॅमच्या आत असावी, असं डॉक्टर सांगतात. आता हिशेब मांडा. ५ लिटर रक्तात साखर फार तर ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत फिरणाऱ्या सगळ्या रक्तात मिळून एवढीच.

रिपोर्टवर हाच आकडा १२६ किंवा त्याहून वर आला आणि पुन्हा तपासल्यावरही तसाच राहिला, की मधुमेहाचं निदान होतं. १२६ म्हणजे सगळ्या रक्तात मिळून ६.३ ग्रॅम. निरोगी आणि मधुमेही यांच्यातलं अंतर भरतं १.३ ग्रॅम, जेमतेम पाव चमचा.

हे झालं एक टोक. दुसऱ्या टोकाला आहे २०२३ साली प्रसिद्ध झालेला आयसीएमआर-इंडियाब हा अभ्यास. देशभरातल्या १ लाख १३ हजार माणसांना प्रत्यक्ष तपासून त्याने काढलेले अंदाज असे: १० कोटी १० लाख मधुमेही, १३ कोटी ६० लाख मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ३१ कोटी ५० लाख उच्च रक्तदाबाचे, आणि पोट सुटलेले ३५ कोटी १० लाख. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख भरली होती. देशातले मधुमेही जवळपास तेवढे आहेत.

पाव चमचा आणि १० कोटी यांच्यामध्ये आहे आपलं रोजचं खाणं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. देशातल्या एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार सदोष आहारामुळे आहे, असा अंदाज त्यात दिला आहे. निम्म्याहून जास्त आजारपण ताटातून येतं, असा त्याचा अर्थ. ते कसं, हे समजायला एखादं शहर घेऊन गुणाकार करावा लागतो. मी नवी मुंबई घेतली आहे. मुंबईच्या जेवणाचा मोठा वाटा इथल्या तुर्भे-वाशीच्या घाऊक बाजारातून जातो, खाद्यतेलाची जहाजं शेजारच्या न्हावा शेवा बंदराला लागतात, आणि या शहराचं स्वतःच्या मालकीचं धरण आहे. त्या धरणाची गरज पुढे पडणार आहे.

एका डब्यात सोळापट

ऐरोलीच्या किंवा बेलापूरच्या एखाद्या ऑफिसात दुपारी एकला उघडलेला डबा बघा. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, वाटीभर भात, वरण. त्यात कर्बोदकं धरा साधारण ८० ग्रॅम. पोटात गेल्यावर त्यांची बहुतांश साखरच होते. ज्या रक्तात एका वेळी ५ ग्रॅम साखर असायला हवी, त्या रक्तातून दोन-तीन तासांत त्याच्या सोळापट साखर पुढे जायची असते. तरी निरोगी माणसाचा आकडा दोन तासांनी १४० च्या आत येतो.

हे जमवून आणणारा अवयव चकित करणारा आहे. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके विखुरलेले असतात, सुमारे १० लाख. सगळे गोळा केले तर वजन भरतं १ ते २ ग्रॅम. हे एक-दोन ग्रॅम जन्मभर, प्रत्येक घासामागे, रक्तातली साखर मापात ठेवतात. इन्सुलिनच्या हुकमाने साखर रक्तातून बाहेर पडते आणि साठवली जाते. यकृतात सुमारे १०० ग्रॅम मावते, स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम. साठा भरलेला असेल, तर उरलेल्या साखरेतल्या काहीची चरबी होते आणि शरीर साखरच जाळत राहिल्यामुळे जेवणातली चरबी जाळायची राहून जाते.

स्नायूंतला साठा रिकामा होतो तो स्नायू वापरल्यावरच. ही गोष्ट नवी मुंबईच्या मूळ गावांना वेगळी सांगायला नको. सिडकोची स्थापना १९७० ची. त्याआधी इथला आगरी-कोळी माणूस भातखाचरात, मिठागरात आणि खाडीत दिवसभर राबत होता आणि तांदळाची भाकरी, भात, मासळी पोटभर खात होता. तो भात रोजच्या रोज खर्ची पडत होता. आज त्याच गावठाणातला नातू भात तेवढाच खातो, पण आठ-नऊ तास खुर्चीत बसतो. कालच्या जेवणातली साखर स्नायूंत तशीच आहे आणि वर आजचा डबा येतो.

त्यात खाण्याच्या वेळा मोजा. सकाळी उठल्यावर चहा-बिस्किट, नऊला पोहे किंवा उपमा, अकराला चहा, एकला डबा, चारला चहा, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव आणि चहा, रात्री दहाला जेवण. सात वेळा खाणं आणि सात वेळा इन्सुलिन. चार कप चहात प्रत्येकी दोन चमचे साखर घातली तर दिवसाला ४० ग्रॅम, वर्षाला साडेचौदा किलो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवलेली बरी. आपली मर्यादा चहातच ओलांडली जाते. बिस्किट, सॉस आणि शीतपेय अजून मोजलेलंही नाही. रात्री उशिराचं जेवण आणखी जड पडतं, कारण दिवस मावळला की शरीराची साखर हाताळायची ताकद सकाळपेक्षा कमी झालेली असते.

असं वर्षानुवर्षं चाललं की यकृत आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात. स्वादुपिंड मग दुप्पट-तिप्पट इन्सुलिन सोडून वेळ निभावून नेतं. या काळात साखरेचा रिपोर्ट चांगलाच येतो. पण आतमध्ये यकृत चरबी बनवत असतं, रक्तात ट्रायग्लिसराइड वाढत असतात, चांगलं कोलेस्टेरॉल घसरत असतं, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात म्हणून रक्तदाब चढत असतो. साखरेचा आजार आणि हृदयाचा आजार वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायची आपल्याला सवय आहे. शरीरात ते एकाच मुळातून वर येतात.

२४ दिवसांत मोरबे

आता हृदयाकडे येऊ. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला १ लाख ८०० ठोके होतात. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकललं जातं. म्हणजे मुठीएवढा हा स्नायू दिवसाला सुमारे ७ हजार लिटर रक्त फिरवतो.

२०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत सुमारे ११ लाख २० हजार लोक होते. आज ते आणखी वाढले आहेत, पण हिशेबाला जनगणनेचाच आकडा धरू. एवढी हृदयं मिळून दिवसाला ७८४ कोटी लिटर रक्त ढकलतात. खालापूरजवळचं मोरबे धरण काठोकाठ भरलं की त्यात सुमारे १९१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे १९ हजार कोटी लिटरच्या वर पाणी साठतं. धरण भरलं की वर्षाची चिंता मिटली, असं शहर म्हणतं. तेवढं पाणी ढकलायला या शहराच्या हृदयांना साधारण २४ दिवस पुरतील. सुट्टी न घेता, झोपेतसुद्धा.

आता दाबाचा विचार करा. वरचा रक्तदाब १२० ऐवजी १५० असेल, तर प्रत्येक ठोक्याला हृदयाला सव्वापट जोर लावावा लागतो. दिवसातून एक लाख वेळा, वर्षातून साडेतीन कोटींहून जास्त वेळा. सुमारे १० लाख प्रौढांची माहिती असलेल्या ६१ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं. त्याचा निष्कर्ष असा की वयाच्या ४० ते ६९ या टप्प्यात वरचा रक्तदाब ११५ च्या पुढे दर २० अंकांनी वाढला, की हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने मरण्याचा धोका दुप्पट होतो. ११५ चा १५५ झाला तर धोका चौपट.

भारतात १९९० साली एकूण मृत्यूंपैकी १५.२ टक्के हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होत होते. २०१६ साली हे प्रमाण २८.१ टक्क्यांवर गेलं. एका पिढीत जवळजवळ दुप्पट.

दिवसाला ३० टन तेल

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २,००० कॅलरींच्या आदर्श ताटात तेल-तूप आहे दिवसाला २७ ग्रॅम. वर्षाचं होतं ९.९ किलो. नीती आयोगाच्या अहवालानुसार देशात २०२०-२१ मध्ये दरडोई तेलाचा वापर होता वर्षाला १९.७ किलो. बरोबर दुप्पट. सगळंच पोटात जात नाही, काही तेल कढईत उरतं, काही टाकलं जातं. तरी फरक लहान नाही. नवी मुंबईला देशाची सरासरी लावली, तर शिफारशीपेक्षा जास्तीचं तेल होतं दिवसाला ३० टन, म्हणजे १० टनांचे तीन टँकर, रोज. देश म्हणून आपण खाद्यतेलाचे जगातले सर्वांत मोठे आयातदार आहोत. वर्षाला दीडशे लाख टनांच्या आसपास तेल बाहेरून येतं आणि त्यात सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा असतो.

तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी. रोजच्या जादा २७ ग्रॅमच्या होतात २४३. रोज फक्त १०० कॅलरी जास्त जात राहिल्या, तर माणसाचं वजन तीनेक वर्षांत साडेचार किलोंच्या आसपास वाढून तिथे स्थिरावतं, असं चयापचयाचं गणित मांडणारे शास्त्रज्ञ सांगतात. १०० कॅलरी म्हणजे अकरा ग्रॅम तेल. फोडणीत पळी जरा सैल सुटली की एवढं तेल सहज पडतं.

स्टेशनबाहेरची कढई एकदा जवळ उभं राहून बघावी. सकाळी ओतलेलं तेल संध्याकाळपर्यंत काळपट होतं, घट्ट होतं, फेस धरतं. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्याची मोडतोड होते. तिचं मोजमाप टोटल पोलर कंपाउंड या नावाने करतात. हे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरायला २०१८ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मनाई आहे. तेलातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. नियम चांगले आहेत. ते कढईपर्यंत पोचायला हवेत, आणि गिऱ्हाइकाने तेलाचा रंग बघून पुढे जायला शिकायला हवं.

मिठाचंही असंच. मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमची. आपलं प्रत्यक्ष खाणं ८ ग्रॅमच्या आसपास. जादाचं ३ ग्रॅम शहराने गुणलं तर दिवसाला सव्वातीन टनांहून जास्त मीठ होतं. लोणचं, पापड, फरसाण, वेफर, पाव, सुकी मासळी, यातून ते नकळत जातं.

दोन माणसं, आकडा एक

“मी कुठे जाडा आहे?” हा प्रश्न आपल्याकडे फार ऐकू येतो. त्याचं उत्तर एका पुणेकराने जगाला दिलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच छायाचित्र छापलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघंही कागदावर सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजन-उंचीचं गुणोत्तर एक, चरबी दुपटीहून जास्त.

याचं मूळ पाळण्यापर्यंत जातं, हेही याज्ञिकांच्याच चमूने दाखवलं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासात बाळांचं सरासरी जन्मवजन भरलं २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हलकी होती, स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली होती. बारीक दिसणारं, आतून चरबीचं शरीर घेऊन आपण जन्माला येतो. साखर साठवायला स्नायू कमी आणि पोटाभोवती चरबी जमायला वेळ लागत नाही. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ वरून २३ वर आणली आहे आणि कमरेचा घेर पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या, बायकांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा, असं सांगितलं जातं. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप आपल्याला जास्त खरं सांगते.

अर्धी नळी, सोळावा हिस्सा

हृदय स्वतःच्या पोषणासाठी जे रक्त घेतं, ते येतं ३ ते ४ मिलिमीटर जाडीच्या धमन्यांतून. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा नियम असा की दाब तोच असताना प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. सरळ नळी आतून निम्मी अरुंद झाली, तर प्रवाह निम्मा उरत नाही, सोळावा हिस्सा उरतो. शरीर इतर मार्गांनी बराच काळ ही तूट भरून काढतं. म्हणूनच धमनी बरीच अरुंद होईपर्यंत माणसाला काहीच कळत नाही.

हा थर कधी बसायला लागतो? कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी तपासली आणि १९५३ साली निष्कर्ष छापला. सैनिकांचं सरासरी वय होतं २२. त्यांच्यातल्या ७७ टक्क्यांच्या धमन्यांत आजाराच्या खुणा होत्या. धडधाकट, कसलेल्या पोरांच्या.

आपल्याकडे तर घाई आणखी जास्त. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासातल्या दक्षिण आशियाई रुग्णांची माहिती नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मांडली. पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचं मध्यक वय आपल्या भागात ५३, बाकी जगात जवळजवळ ५९. सहा वर्षं आधी. मुलं कॉलेजात असतात, घराचे हप्ते चालू असतात, नोकरी अजून संपलेली नसते. मात्र त्याच अभ्यासाने दिलासाही दिला. जगभरातल्या या झटक्यांमागचा ९० टक्के धोका नऊ गोष्टींत मावतो. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, पोटाची चरबी, फळं-भाज्यांचा अभाव, हालचालीचा अभाव, मनावरचा ताण आणि दारू या त्या नऊ. यातली बहुतेक आपल्या हातातली आहेत.

भाजीच्या किती गाड्या?

आदर्श ताटात भाज्या आहेत दिवसाला ४०० ग्रॅम. एकट्या नवी मुंबईला तेवढ्या द्यायच्या तर रोज ४४८ टन भाजी लागेल. खाडीपलीकडच्या मुंबईची २०११ ची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. तिला लागेल ४,९६० टन. दोन्ही मिळून १० टनांचे सुमारे ५४० ट्रक, आणि यात ठाणे, कल्याण, पनवेल धरलेलं नाही. वाशीच्या भाजीपाला बाजारात पहाटे ज्या पाचशे-सहाशे गाड्या लागतात, त्यातल्या कितीतरी लहान टेम्पो असतात. थेट येणारा माल त्यात मिळवला तरी प्रत्येकाच्या ताटात ४०० ग्रॅम पडत नसणार, हे आपापल्या घरातली भाजीची पिशवी तोलली तरी कळतं. बटाटा यात धरायचा नाही, तो भातासारखाच पिष्टमय. म्हणजे बटाटावडा आणि बटाट्याची भाजी भाजीच्या खात्यात बसत नाहीत.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. इंडियाबच्या २०२५ च्या निष्कर्षांत भारतीयांच्या सुमारे ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात, असं दिसलं. भाताच्या जागी पोळी किंवा भाकरी आली, पण एकूण कर्बोदकं तेवढीच राहिली, तर धोका फारसा हलत नाही. एकूण कॅलरींपैकी ५ टक्के कर्बोदकांकडून डाळी-कडधान्यांच्या किंवा दूध-दह्याच्या प्रथिनांकडे वळवल्या, तर मधुमेहाचा धोका कमी दिसतो. २,००० कॅलरींत ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम कर्बोदकं, साधारण सव्वा पोळी. तेवढी कमी करून उसळ, घट्ट वरण, ताक किंवा दही वाढवणं कोणत्याही मराठी घराला जमण्यासारखं आहे. दिवाळे-सारसोळेच्या कोळीवाड्यातली ताजी मासळी कालवणात किंवा कमी तेलात परतून खाल्ली तर फारच उत्तम.

अशा छोट्या बदलांनी खरंच फरक पडतो का? पडतो, आणि तो मोजलेला आहे. चीनमधल्या ६०० गावांत जवळजवळ २१ हजार माणसांवर एक प्रयोग झाला. निम्म्या गावांत नेहमीच्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं. पाचेक वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. हे मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर अभ्यास केला. आहार आणि चालणं सुधारलं, तेव्हा तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं.

ज्या गुणाकाराने पाव चमच्याचे १० कोटी रुग्ण झाले, तोच गुणाकार उलटाही चालतो. नवी मुंबईतल्या प्रत्येकाने दिवसाला एक चमचा साखर आणि एक चमचा तेल कमी केलं, तर शहराच्या रक्तातून वर्षाला सुमारे २,००० टन साखर आणि जवळपास तेवढंच तेल वजा होईल. त्यासाठी कोणतंही औषध लागत नाही, उलट किराण्याचं बिल कमी होतं.

म्हणून एवढंच करा. आज घरातल्या प्रत्येकाची कंबर टेपने मोजा. तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा तपासा. जेवायला बसल्यावर आधी भाजी-कोशिंबीर, मग वरण-उसळ आणि शेवटी पोळी-भात, असा क्रम लावा, आणि जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. रात्रीचं जेवण एक तास अलीकडे आणा. यातलं काहीही उद्यावर टाकू नका, कारण उद्याही हृदयाला एक लाख ठोके द्यायचे आहेत.